अर्धा दिवस जपानी : पोर्टलंडच्या रिचमंड शाळेची वाटचाल

आपल्या रविवारच्या मराठी शाळेच्या स्मरणिकेत दुसऱ्या एका शाळेचा इतिहास छापावा, असं मी संपादक मंडळाला सुचवलं आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं. ही शाळा आपल्याच शहरात आहे. पोर्टलंडच्या आग्नेय भागात, डिव्हिजन स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर रिचमंड प्राथमिक शाळा भरते. शाळा सार्वजनिक आहे, पोर्टलंड पब्लिक स्कूल्सची आहे, फी नाही. तिथे येणारी बहुतेक मुलं घरी इंग्रजी बोलतात. तरीही १९८९ पासून तिथे मुलं रोज अर्धा दिवस इंग्रजीतून आणि अर्धा दिवस जपानीतून शिकत आली आहेत. जपानी हा तिथे वेळापत्रकातला एक तास नाही. अर्ध्या दिवसाचं शिक्षणच त्या भाषेत होतं. परक्या मुलखात भाषा टिकवू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या शाळेचा इतिहास मुळापासून समजून घ्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

या इतिहासाची पाळंमुळं शाळेच्या इमारतीपेक्षा खूप मागे जातात. कोलंबिया नदीच्या मुखाशी असलेल्या ॲस्टोरियात १८२४ साली रॅनाल्ड मॅकडोनाल्डचा जन्म झाला. आई चिनूक जमातीची, वडील हडसन्स बे कंपनीतले. जपानचे दरवाजे परक्यांना बंद असताना, १८४८ मध्ये, हा तरुण व्हेल पकडणाऱ्या जहाजातून होकायडोजवळच्या बेटावर एकटाच उतरला. त्याला पकडून नागासाकीला नेलं. तिथे कैदेत असतानाच त्याने १४ जपानी दुभाष्यांना इंग्रजी शिकवलं. त्यांच्यातला मोरियामा एइनोसुके पुढे अमेरिकेच्या कमोडोर पेरीने जपानशी केलेल्या वाटाघाटींत दुभाषा होता. ओरेगॉनच्या मातीतला माणूस जपानमध्ये जाऊन भाषाशिक्षक झाला, तो असा.

उलट दिशेची वाट कष्टाची होती. मियो इवाकोशी १८८० साली ओरेगॉनमध्ये येऊन राहिल्या. इथे स्थायिक झालेल्या त्या पहिल्या जपानी. त्यांच्यानंतर रेल्वेमार्गावर, लाकडाच्या गिरण्यांत आणि मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत मजुरी करणारे आले. हूड रिव्हरच्या खोऱ्यात त्यांनी फळबागा उभ्या केल्या. पोर्टलंडच्या जुन्या भागात त्यांची वस्ती होती. दुकानं, न्हाव्याची दुकानं, खानावळी, स्नानगृहं, वर्तमानपत्रं. मुलं दिवसभर इंग्रजी शाळा करत आणि तिथून थेट जपानी शाळेत जात. आपल्या मराठी शाळेच्या खोलीत रविवारी जी पेंगुळलेली तोंडं दिसतात, तीच तिथेही दिसत असणार. १९२३ साली ओरेगॉनने कायदा करून नागरिकत्व मिळू न शकणाऱ्या परदेशीयांना, म्हणजे व्यवहारात जपान्यांना, जमीन विकत घ्यायला बंदी केली.

मग १९४२ आलं. पर्ल हार्बरनंतर ज्यांना लगोलग अटक झाली त्यांत जपानी भाषेचे शिक्षक होते. भाषा शिकवणं हाच संशय ठरला. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा ९०६६ क्रमांकाचा आदेश निघाला आणि जपानी वंशीयांना घरांतून हलवून छावण्यांत ठेवण्याची वाट मोकळी झाली. हूड रिव्हरचे तरुण वकील मिनोरू यासुई यांनी २८ मार्चला, जपानी वंशीयांवर घातलेली संचारबंदी घटनेविरुद्ध आहे हे कोर्टात सिद्ध करता यावं म्हणून, पोर्टलंडच्या रस्त्यावर मुद्दाम रात्री फिरून स्वतःला अटक करवून घेतली. सर्वोच्च न्यायालयात ते हरले. राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक त्यांना २०१५ मध्ये मरणोत्तर मिळालं. १९४२ च्या उन्हाळ्यात उत्तर पोर्टलंडमध्ये जिथे गुराढोरांची प्रदर्शनं भरायची त्या इमारतीत साडेतीन हजारांहून जास्त माणसं कोंडली गेली. जनावरांच्या ठाणांवर फळ्या टाकून खोल्या केल्या होत्या. तिथून बहुतेकांना आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत नेलं. युद्ध संपल्यावर जी कुटुंबं परतली, त्यांतल्या अनेक आईबापांनी मुलांशी जपानी बोलणं सोडून दिलं. ज्या भाषेपायी घर, दुकान, बाग गेली, ती पोराच्या तोंडी कोण घालणार? एका पिढीत भाषा तुटली.

रिचमंडच्या वर्गात आज जपानी सहज कानावर पडतं, तेव्हा या शहरात ही भाषा बोलायला कधी भीती वाटत होती हे विसरून चालणार नाही. छावण्यांबद्दल माफी मागणारा आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देणारा कायदा १० ऑगस्ट १९८८ रोजी झाला. रिचमंडचा जपानी कार्यक्रम पुढच्याच वर्षी सुरू झाला. दोन्ही गोष्टी एकमेकींमुळे घडल्या असं मी म्हणत नाही. पण नदीकाठच्या बागेत जपानी अमेरिकनांचं स्मारक १९९० मध्ये उभं राहिलं, हेही त्याच सुमाराचं. शहराचं मन त्या वर्षांत बदलत होतं.

मन बदलायला व्यापाराचाही हातभार लागला, हे मोकळेपणाने लिहायला हवं. जपानमधलं सापोरो आणि पोर्टलंड १९५९ पासून भगिनी-शहरं आहेत. वॉशिंग्टन पार्कमधली जपानी बाग १९६७ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पण भाषा शिकण्याची निकड त्यातून आली नाही, ती कारखान्यांमुळे आली. ओरेगॉनमध्ये पूर्वी परदेशी कंपनीचा कर ठरवताना तिचा जगभरातला व्यवसाय हिशेबात धरत. जपानी कंपन्यांना हे मुळीच पटत नव्हतं. गव्हर्नर व्हिक अटियेह यांच्या कारकिर्दीत १९८४ साली ही पद्धत रद्द झाली, आणि हिल्सबरोत एनईसी व एप्सन, ग्रेशममध्ये फुजित्सू अशा कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. आपल्यापैकी कित्येकांना इंटेलने इथे आणलं. त्याच हिल्सबरोच्या परिसरात तेव्हा जपानी अभियंते आपली कुटुंबं घेऊन येत होते. जपानी आलं तर नोकरी आहे, असं तेव्हा इथल्या पालकांना वाटू लागलं होतं.

मुलांना दुसऱ्या भाषेत बुडवून शिकवायची पद्धत मात्र अमेरिकेने कॅनडाकडून घेतली. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या काही पालकांनी शाळेच्या मंडळाशी भांडून एक वर्ग सुरू करवून घेतला. बालवर्गापासून सगळं शिक्षण फ्रेंचमधून, आणि इंग्रजी नंतर हळूहळू. मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. मुलांचं इंग्रजी बुडालं नाही, गणित बुडालं नाही, आणि फ्रेंच मात्र नुसत्या भाषेच्या तासाने कधी आलं नसतं इतकं आलं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीने हाच प्रयोग स्पॅनिशमध्ये केला. पोर्टलंडने १९८६ साली एन्सवर्थ शाळेत स्पॅनिशचे वर्ग उघडले. दक्षिणेला युजीनमध्ये १९८८ साली जपानी वर्ग सुरू झाले, आणि १९८९ साली रिचमंडमध्ये 'जपानीज मॅग्नेट प्रोग्रॅम'. मॅग्नेट म्हणजे आपल्या वस्तीच्या हद्दीबाहेरून, शहरातून कुठूनही मुलं येऊ शकतील अशी शाळा. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून प्रवेश चिठ्ठ्या टाकून.

सुरुवातीला जपानीचे वर्ग आणि नेहमीचे इंग्रजी वर्ग एकाच छपराखाली भरत. जपानीचे वर्ग वरच्या इयत्तांकडे वाढत गेले, आणि पुढे सगळी शाळाच जपानीची झाली.

आता वर्ग पाहू, कारण शाळेचा खरा इतिहास तिथेच घडतो. एका तुकडीला दोन शिक्षक, दोन खोल्या. सकाळी जी मुलं जपानीच्या खोलीत, ती दुपारी इंग्रजीच्या खोलीत. दुसरी तुकडी उलट. जपानीच्या खोलीत सेन्सेई, म्हणजे बाई किंवा सर, मुलांशी जपानीतच बोलतात. बालवर्गाच्या पहिल्या आठवड्यांत मुलांना एक अक्षर कळत नसतं. सेन्सेई बोलतात, हातवारे करतात, चित्र दाखवतात, स्वतः करून दाखवतात, आणि तेच वाक्य दिवसातून कितीतरी वेळा त्याच चालीत म्हणतात. मूल इंग्रजीत विचारतं, उत्तर जपानीत मिळतं. महिना-दोन महिन्यांत मूल सांगितलेलं करू लागतं. बोलायला मात्र वेळ लागतो, आणि या पद्धतीत त्यासाठी कुणी मुलाच्या मागे लागत नाही. आधी कान तयार होतो, मग जीभ. आपण मराठी शाळेत पहिल्याच दिवशी 'बोल ना मराठीत, बोल' म्हणून मुलाला चारचौघांत उभं करतो, तेव्हा मला ही गोष्ट नेहमी आठवते.

लिपीच्या बाबतीत मराठी माणसाला इथे सुखद धक्का बसतो. जपानी हिरागानाचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो: आ, इ, उ, ए, ओ, मग का, कि, कु, के, को, मग सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी. स्वर आधी, मग व्यंजनांच्या ओळी, आणि व्यंजनांचा क्रमही जवळपास आपल्याच वर्णमालेचा. हा योगायोग नाही. संस्कृत मंत्र वाचण्यासाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंनी भारतीय ध्वनिशास्त्रावरून हा क्रम लावला. ४६ मूळ अक्षरं, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पूर्ण उच्चार. बाराखडी म्हणणाऱ्या मुलाला हे चटकन समजतं. वाक्याची रचनाही आपल्यासारखी, क्रियापद शेवटी, आणि प्रत्यय नामाच्या मागे. 'मी शाळेत जातो' हे जपानीत शब्दाला शब्द लावून सांगता येतं. इंग्रजी मुलाला मात्र वाक्य उलटं करून शिकावं लागतं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा इतकी जुनी आणि दांडगी का, याचं एक कारण मला यात दिसतं.

अवघड आहे ती कांजी. जपानमधल्या प्राथमिक शाळेत सहा वर्षांत ठरावीक चित्राक्षरं शिकवतात. पूर्वी १,००६ होती, २०२० पासून १,०२६. पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००. अर्धाच दिवस जपानी असलेल्या शाळेत इतकी पूर्ण होणं शक्य नाही, आणि तसा आग्रह धरणंही चूक ठरेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला जपानीसाठी २,२०० तास वर्गात बसावं लागतं असा हिशेब आहे, स्पॅनिशच्या सुमारे तिप्पट. हे तास लहानपणी, खेळत खेळत, गणित आणि विज्ञान शिकता शिकता निघून जावेत, एवढाच या शाळेचा साधा हिशेब आहे.

गणिताचा तास जवळून पाहण्यासारखा असतो. जपानी मुलं पाढे म्हणतात त्याला 'कुकु' म्हणतात, नऊ नव्वे एक्याऐंशीपर्यंत. 'नि निन् गा शि', दोन दुणे चार. 'नि सान् गा रोकु', बे त्रिक सहा. 'सान् गो जूगो', तीन पाचे पंधरा. उत्तर एका अंकाचं असेल तेव्हा मध्ये 'गा' येतो, दोन अंकांचं झालं की गळतो, म्हणून पाढ्याची लय मोडत नाही. अर्थ समजून आणि पाठ करून अशी दोन्ही कामं इथे एकत्र होतात. संख्यांची नावंही सरळ: एकवीसला 'नि-जू-इचि', म्हणजे दोन दहा एक. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावून सांगितलं होतं, आणि जपानी मुलांना दहाच्या पटीतला हिशेब भाषेतच तयार मिळतो हे पाहिलं की त्यांचं म्हणणं जास्त पटतं.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. जपानीत मोजायच्या वस्तूप्रमाणे संख्येला वेगळा प्रत्यय लागतो. पेन्सिली मोजताना 'इप्पोन, निहोन, साम्बोन', कागद मोजताना 'इचिमाइ, निमाइ, साम्माइ', लहान प्राणी असतील तर 'इप्पिकी, निहिकी'. सात पेन्सिलींतून तीन गेल्या तर चार उरल्या, हे पहिलीतल्या मुलाला केव्हाच कळलेलं असतं. चार पेन्सिली 'योन्होन' म्हणायच्या की दुसरं काही, तिथे ते अडखळतं. सेन्सेई चूक सुधारत नाहीत. तेच वाक्य बरोबर करून, मान डोलावत परत म्हणतात. मूल ते ऐकतं आणि पुढच्या पेन्सिलीला बरोबर म्हणतं. गणितातून भाषा आणि भाषेतून गणित, दोन्ही एका उदाहरणात.

ही व्यवस्था सोन्याच्या पाटावर बसून आली नाही. कार्यक्रमाला जेमतेम दुसरं वर्ष लागलं आणि नोव्हेंबर १९९० मध्ये ओरेगॉनच्या मतदारांनी 'मेझर ५' हा प्रस्ताव मंजूर केला. घरपट्टीवर मर्यादा आली, आणि शाळांचा पैसा मुख्यतः घरपट्टीतून येत असल्याने पुढची दहा वर्षं पोर्टलंडच्या शाळांत काटकसरीशिवाय गोष्ट नव्हती. अशा वेळी दोन भाषांची शाळा ही चैन वाटणं स्वाभाविक होतं. ती टिकली यात 'ओया नो काइ' या पालकसंघाचा मोठा वाटा आहे. बालवर्गापासून हायस्कूलपर्यंतच्या जपानी कार्यक्रमामागे ही ना-नफा संस्था उभी आहे. ती निधी गोळा करते आणि जपानमधून येणाऱ्या तरुण मदतनीसांचा कार्यक्रम चालवते. हे मदतनीस वर्गात सेन्सेईंना हातभार लावतात आणि शाळेतल्या मुलांच्या घरी राहतात. पालकांना जपानी येत नसतं. मुलाचा गृहपाठही त्यांना वाचता येत नाही. तरी आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या घरी जपानहून आलेली ताई राहायला येते, जेवणाच्या टेबलावर त्याच्याशी जपानी बोलते, आणि ते मूल आईबापांचं दुभाषं होतं. ज्यांना ती भाषा येतच नाही अशा आईबापांनी तिच्यासाठी इतकी वर्षं खपावं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

शिक्षकांचा प्रश्न कायमचा. जपानी उत्तम हवं, लहान मुलांना शिकवण्याची हातोटी हवी, आणि ओरेगॉनचा शिक्षक-परवाना हवा. तिन्ही एका माणसात मिळणं दुर्मीळ. जपानमध्ये वाढलेल्या शिक्षकाला इथले स्वैर बोलणारे, मध्येच उठणारे, प्रश्नांचा भडिमार करणारे वर्ग सांभाळायला शिकावं लागतं.

दरम्यान ज्या व्यापारामुळे हे सगळं सुरू झालं, तो ओसरला. जपानमधल्या तेजीचा फुगा १९९० नंतर फुटला. ग्रेशमचा फुजित्सूचा कारखाना बंद पडला आणि २००२ साली मायक्रोचिप कंपनीने तो विकत घेतला. पालकांचा ओढा चिनीकडे वळला. पोर्टलंडने १९९८ मध्ये वुडस्टॉक शाळेत मँडरिनचे वर्ग उघडले, पुढे रशियनही आली. रिचमंडची जपानी मात्र बंद पडली नाही. नोकरीचं आमिष गेलं तरी शाळा राहिली, म्हणजे ती नोकरीच्या आमिषावर उभी नव्हती. २००८ साली, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून दोन वर्षांपेक्षा जास्त शिकवायला सार्वजनिक शाळांना बंदी करणारा 'मेझर ५८' हा प्रस्ताव मतदानाला आला. त्याचा रोख मुख्यतः स्थलांतरितांच्या मुलांवर होता. ओरेगॉनच्या मतदारांनी तो फेटाळला.

पाचवीनंतर मुलं माउंट टेबर मिडल स्कूलमध्ये जातात आणि तिथून ग्रँट हायस्कूलमध्ये. वर जाताना जपानीचे तास कमी होत जातात: मिडल स्कूलमध्ये दिवसाला दोन, हायस्कूलमध्ये एक. तरी धागा तुटत नाही. आठवीची मुलं जपानला जातात, आणि नुसती फिरायला नाही. आधी विषय ठरवतात, प्रश्न तयार करतात आणि तिथल्या लोकांना जपानीत विचारून माहिती गोळा करतात. बालवर्गात हातवाऱ्यांनी ऐकलेली भाषा आठवीत अनोळखी माणसासमोर वापरून पाहायची, याहून चांगली परीक्षा कुठली? कोविडच्या काळात जपानने परदेशी प्रवाशांना दार लावून घेतलं आणि ते २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत पूर्ण उघडलं नाही. त्या तुकड्यांची ही परीक्षा हुकली.

अशा शाळांबद्दल नेहमी एक शंका निघते: तिथे जाणारी मुलं मुळातच हुशार, त्यांचे आईबाप शिकलेले, मग यश शाळेचं कसं? पोर्टलंडने या शंकेचं उत्तर द्यायला जगाला मदत केली. प्रवेश चिठ्ठ्यांनी होत असल्यामुळे, चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली अशा सारख्याच घरांतल्या मुलांची तुलना करता येत होती. रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या जेनिफर स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी, स्पॅनिश, मँडरिन आणि रशियन कार्यक्रमांसाठी चिठ्ठी टाकलेल्या १,६२५ मुलांच्या निकालांचा अभ्यास केला. निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले. ज्यांना प्रवेश मिळाला ती मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत नऊ महिने पुढे होती. गणित आणि विज्ञानात लक्षणीय फरक नव्हता, म्हणजे त्यातला काही भाग परभाषेतून शिकूनही ती मागे पडली नव्हती. अर्धा दिवस इंग्रजी सोडून दिलेली मुलं इंग्रजीतच पुढे गेली. घरी मराठी बोललं तर पोराचं इंग्रजी कच्चं राहील, ही भीती आपल्यातले काही आईबाप अजून बाळगतात. त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

शाळेचं कौतुक करताना एक उणीव सांगितलीच पाहिजे. चिठ्ठी सगळ्यांसाठी सारखी असते, पण चिठ्ठी टाकायची असते हे ज्यांना कळतं ते आईबाप बहुधा शिकलेले, वेळ असलेले, एकमेकांशी बोलणारे असतात. शिवाय पहिलीनंतर भाषा येत नसलेल्या मुलाला आत घेणं अवघड, त्यामुळे मध्येच या शहरात आलेल्या कुटुंबाला दार बंदच. शेजारच्या गल्लीतल्या मुलाने दुसऱ्या शाळेत जायचं आणि लांबून आलेल्याने इथे शिकायचं, हे खुपण्यासारखं आहे. माझ्या मते यावरचा उपाय अशा शाळा वाढवणं हाच आहे, असलेली मोडणं हा नाही.

इथून महाराष्ट्राकडे पाहावं. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून अशी 'सेमी-इंग्रजी' आपल्याकडे गावोगाव आहे. आता बऱ्याच ठिकाणी पहिलीपासून. वरवर पाहता रिचमंड आणि सेमी-इंग्रजी सारखीच, दोन्हीकडे दोन भाषा. पण वॉलेस लँबर्ट यांनीच एक भेद करून ठेवला आहे, आणि तो इथे लागू पडतो. काही परिस्थितीत दुसरी भाषा पहिलीत भर घालते, काही परिस्थितीत पहिलीची जागा घेते. पोर्टलंडच्या मुलाचं इंग्रजी कुठे जाणार? रस्त्यावर, टीव्हीवर, घरात, दुकानात इंग्रजीच आहे. जपानी तिच्यात भर घालते. सेमी-इंग्रजीतल्या मुलाला मात्र रोज हेच दिसतं की महत्त्वाचे विषय इंग्रजीत आणि 'बाकीचे' मराठीत. मराठी तिथे मागे सरते. इथे परदेशात तर आपल्या मुलांचं मराठी त्याहून हलक्या पायावर आहे. रिचमंडने जी गोष्ट जपानीसाठी केली, तीच आपल्याला मराठीसाठी करावी लागेल: भाषा शिकवण्यापेक्षा भाषेतून काहीतरी शिकवणं.

तासांचा हिशेब मांडू. रिचमंडमध्ये दिवसाला साधारण तीन तास जपानी, वर्षाला १७० च्या आसपास शाळेचे दिवस, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ५०० तास. आपल्या शाळेत आठवड्याला दोन तास, ३० रविवार, ६० तास. हा फरक कितीही चांगलं पुस्तक आणून भरून निघणार नाही. आपल्याकडे सार्वजनिक शाळा नाही, अर्धा दिवस नाही, परवानाधारक शिक्षक नाहीत. पण दोन गोष्टी आहेत. एक, घर, तिथे भाषा रोज मिळू शकते, आणि ओया नो काइच्या पालकांकडे नेमकं हेच नव्हतं. दुसरी, सहा-सहा महिने इथे येऊन राहणारे आजी-आजोबा. रिचमंडचे पालक जपानहून मदतनीस आणतात, त्यांची राहण्याजेवणाची सोय करतात. आपल्याकडे ते स्वतःहून येतात, दुपारभर घरात एकटे बसतात, आणि आपण त्यांना एकदाही वर्गात बोलावत नाही.

म्हणून येत्या सत्रापासून आपल्या शाळेत प्रत्येक वर्गाचा एक तास मराठी विषयासाठी न ठेवता गणित, स्वयंपाक, बुद्धिबळ, बागकाम, जे ज्याला येतं ते मराठीतून शिकवण्यासाठी द्यावा, असा प्रस्ताव मी पालकसभेपुढे मांडणार आहे. अपूर्णांक शिकवायचे तर थालीपीठ कापून, मराठीत. मूल इंग्रजीत विचारेल, त्याला उत्तर मराठीत द्यावं आणि थांबावं. ज्यांची शिकवायची तयारी आहे त्यांनी आपल्या मुलाच्या वर्गशिक्षकांकडे नाव नोंदवावं. या वर्षी ज्यांच्या घरी आजी-आजोबा येणार आहेत त्यांनी त्यांचंही नाव द्यावं, आणि कुठल्या महिन्यांत ते इथे असतील तेही लिहावं.